मामाची मोटर

गेल्या शनिवारी येरमाळ्याला मामाकडे होतो. विहिरीवरची मोटर उन्हाळ्यात दोनदा जळाली, म्हणून तिच्या अंगाला थर्मोकपल लावलं. मोटर सुरू झाली की लॅपटॉपवर आकडा उड्या मारायचा!

मामा म्हणाला, "तुझ्या डब्यापरीस माझा हात बरा हाय."

बरोबरच होतं त्याचं. के-टाइप थर्मोकपल अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतं, आणि मी त्याची एक तार थेट डब्याच्या अर्थला जोडलेली. टोक मोटरच्या लोखंडाला टेकलेलं. दोन्हीकडची अर्थिंग वेगळी. त्यांच्यातला ५० हर्ट्झचा फरक सिग्नलमध्येच मिसळत होता.

मग दोन्ही तारा पीळ घालून डिफरन्शियल इनपुटला दिल्या, शील्ड फक्त डब्याकडे अर्थ केलं. दोन्ही तारांवर सारखाच येणारा गोंगाट वजाबाकीत गेला. आकडा ४८ वर स्थिरावला.

मामाने मोटरला हात लावून पाहिला. "आता खरं बोलाया लागलं."

प्रमोशनपेक्षा भारी वाटलं राव!