चेनची मजुरी

कापलेली रक्कम फार नव्हती. पण हिशेबाच्या कागदावर तिच्यापुढे ‘चेन खराब लगी’ एवढे तीन शब्द होते आणि ते मला अजून सहन होत नाहीत. चेन खराब लागली नव्हती. त्या दुकानाला दिलेल्या एकाही पर्सची चेन मी वाकडी बसवली नव्हती, आणि हे मी सिद्धही करून दाखवलं होतं. तरी कागदावर तेच राहिलं.

मागचं थोडक्यात सांगते. नवऱ्याची रेल्वेची नोकरी, बदली जयपूरला झाली, बनी पार्कात घर घेतलं, निवृत्तीनंतर परत जायचं राहून गेलं. सोलापूरहून येताना उषाचं शिलाई मशीन बरोबर आणलं होतं, ते आजही चालू आहे. बनी पार्क म्हणजे स्टेशन आणि सिंधी कॅम्पचा बसस्टँड यांच्या जवळची जुनी वस्ती. इथले मोठमोठे बंगले एकेक करून हॉटेलं आणि गेस्टहाउस झाले. परदेशी पाहुणे येतात, म्हणून त्यांना विकायची छपाईच्या कापडाची दुकानंही आली. अशाच एका दुकानानं माझ्या हातची पर्स कुणाकडे तरी पाहिली आणि काम देऊ केलं.

सुरुवातीला मी त्यांच्यासाठी पोटल्या शिवल्या. पोटली म्हणजे आपला बटवाच. गोल किंवा चौकोनी तुकडा, नाडी ओवायला वर नेफा, दोन बाजूंनी नाडी ओढली की तोंड बंद. मन लावून बसलं तर पोटल्या भराभर होतात. मग त्यांना अस्तराची, वर चेन असलेली पर्स हवी झाली. दराचं विचारलं तर मालक म्हणाले, ‘‘भाभीजी, सिलाई तो सिलाई है. पोटली हो या पर्स, रेट एक.’’ कापड आमचं, अस्तर आमचं, चेन आमची, रनर आमचा, तुमची फक्त शिलाई, असा हिशेब त्यांनी मांडला. मी म्हटलं, चेन बसवायचे वेगळे द्या. ते म्हणाले, चेन तर आम्हीच देतोय, तिचे पैसे कसले?

इथे थांबून सांगावंच लागेल, कारण ज्यांनी स्वतः कधी अस्तराच्या पर्सला चेन लावली नाही त्यांना मालकांचं म्हणणं बरोबर वाटू शकतं.

बिनअस्तराच्या पिशवीला चेन लावणं सोपं असतं. कापडाची कड दुमडायची, खाली चेनची पट्टी धरायची, टीप मारायची. पण आतून कापडाचे धागे सुटत राहतात आणि शेवटी रनरमध्ये अडकतात. मग पर्स उघडत नाही आणि ओढाताण केली की रनर जातो. म्हणून अस्तर. अस्तर आलं की चेन दोन कापडांच्या मधे जाते आणि सगळं काम उलटं दिसायला लागतं. खाली बाहेरचं कापड, सुलट बाजू वर. त्यावर चेन पालथी, तिचं तोंड कापडाकडे. त्यावर अस्तर, सुलट बाजू खाली. तिघांच्या कडा एका रेषेत. मी इथे टाचण्यांवर भरवसा ठेवत नाही, कारण नायलॉनच्या चेनची पट्टी मधूनच निसटते. आधी हाताने कच्चा धावदोरा घालते. मग मशीनला एका बाजूचा फूट लावते, म्हणजे सुईला दातांच्या अगदी जवळून जाता येतं. फार जवळ गेली तर रनर पुढे कापडाला घासतो, फार लांब राहिली तर चेनची पट्टी बाहेर दिसते.

आणि रनर मधे येतोच. फूट रनरजवळ पोचला की टीप बाहेर फाकते. तिथे सुई कापडात रुतवून ठेवायची, फूट उचलायचा, रनर हळूच मागे सरकवायचा, फूट खाली घ्यायचा आणि मग पुढे जायचं. प्रत्येक बाजूला हे असंच. त्यानंतर दोन्ही कापडं सुलट करून चेनच्या कडेनं वरून दाबटीप, नाहीतर अस्तर रनरमध्ये येतं.

दुकानानं दिलेली चेन तुकड्यांची नव्हती, रोलची होती. रोलची चेन मीटरवर मिळते आणि रनर वेगळे. शहरात पुरोहितजींच्या कटल्याकडे गेलं की गोटा, लेस, बटणं यांच्याबरोबर हेही मिळतं. सिंधी कॅम्पला मेट्रोत बसलं की बडी चौपडला उतरायचं, तिथून जवळच. चेनचा नंबर म्हणजे साधारण बंद दातांची रुंदी मिलिमीटरमध्ये. झग्याला ३ नंबर चालतो, पर्सला ५ बरा. रोलच्या चेनवर रनर आपल्या हातानं चढवावा लागतो. दोन्ही बाजूंचे दात एका पातळीत रनरमध्ये शिरले नाहीत, तर एक बाजू लांब आणि एक आखूड होते आणि पर्सचं तोंड तिरकं बसतं. मग दोन्ही टोकं कापडाच्या लहान तुकड्यांत बंद करायची, म्हणजे रनर निघून येत नाही आणि कोपऱ्यात जाड गोळा होत नाही.

यानंतर बाजू जोडायच्या: बाहेरचं कापड बाहेरच्यावर, अस्तर अस्तरावर. अस्तराच्या तळाला हात जाईल एवढी जागा उघडी ठेवायची. आणि शेवटची टीप मारण्याआधी चेन अर्धी उघडी हवी, कारण पर्स सुलट करताना कापड त्याच फटीतून बाहेर येतं. अस्तर बाहेरच्या कापडापेक्षा सुताभर लहान कापायचं, नाहीतर ते आत झोळतं.

या सगळ्यात पर्सचा निम्म्याहून जास्त वेळ चेनच घेते. दात पाडायची यंत्रं जगात कधीच आली. अमेरिकेत व्हिटकॉम्ब जडसननं १८९३ मध्ये अशी कडी जगाला दाखवली, गिडियन सुंडबॅकनं १९१३ च्या सुमारास आजच्यासारखे दात केले. पण ते दात घरात शिवलेल्या पर्सवर बसवतो तो माणूसच, आणि त्याला डोळे, बोटं आणि पाठ तिन्ही लागतात. माझ्या मते पर्स शिवणं म्हणजे चेन लावणंच. बाकीच्या चार सरळ टिपा आठवीतली मुलगीही मारेल. तरी मी काम घेतलं. पैशांचा प्रश्न नव्हताच. घरी बसून काहीतरी होतंय, आपल्या हातचं कुणीतरी फ्रान्सला नेतंय, याचं मला अप्रूप होतं.

कापड बगरूचं होतं. बगरू जयपूरहून अजमेर रस्त्यावर तीसेक किलोमीटरवर आहे. तिथले छीपा लाकडी ठशांनी छापतात. हिरड्याच्या पाण्यात कापड बुडवून पिवळसर करतात, लोखंडाचा गंज आणि गूळ कुजवून काळा रंग करतात, जिथे रंग नको तिथे चिखलाचा दाबू लावतात. सुंदर कापड, पण सुती. सुती कापड धुतल्यावर आटतं, हे आपल्याकडे परकर शिवणाऱ्या बाईलाही ठाऊक असतं. चेनची पट्टी मात्र पॉलिस्टरची, ती आटत नाही. कापड न भिजवता त्यावर चेन शिवली आणि नंतर पर्स धुतली, तर कापड आखडतं, चेन आहे तेवढीच राहते आणि पर्सच्या तोंडाला लाटा पडतात.

म्हणून पहिला गठ्ठा आला तेव्हाच मी सांगितलं की कापड आधी एक रात्र भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग कापते. मालकांनी नको म्हटलं. भिजवलं की कापडाचा कडकपणा जातो, ते नवं दिसत नाही, ग्राहक हात लावून बघतो. मी पुन्हा सांगितलं. त्यांच्या सुनेसमोर सांगितलं. अस्तर तरी भिजवू द्या म्हटलं. तेही नको. ‘‘आप बस सिलाई देखिए.’’

मी शिलाई बघितली. मग एके दिवशी निरोप आला की माल परत आलाय, येऊन बघा.

काउंटरवर माझ्या पर्स पडल्या होत्या. धुतलेल्या. कुणीतरी मागवलेल्या मालातल्या काही धुऊन बघितल्या होत्या आणि तोंडाला लाटा आल्या होत्या. न धुतलेल्या बाजूलाच होत्या, सरळ, एक सूतही इकडचं तिकडं नाही. मी त्या दोन्ही शेजारी ठेवल्या. मालक बघत होते. मी पिशवीतून कापायचा कागदी साचा काढला आणि धुतलेल्या पर्सवर ठेवला. कापड साच्याहून आखूड झालं होतं, दिसत होतं. मग मी उसवायची सुई मागून घेतली, त्यांच्यासमोर एका पर्सची चेन पूर्ण उसवली आणि काउंटरच्या काचेवर ठेवली. ती सपाट पडली. एकही लाट नाही. म्हटलं, ही बघा, खराब लागलेली चेन. आता हे कापड बघा. दोष कुठे आहे?

त्यांनी बघितलं. त्यांना कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसलं. आणि ते म्हणाले, ‘‘आपकी बात सही है भाभीजी. पर पार्टी को यह सब थोड़ी समझाएँगे? पार्टी को तो चेन ही टेढ़ी दिखती है.’’

रक्कम कापली, आणि तीही फक्त धुतलेल्या पर्सची नाही, सगळ्या मालाची. न धुतलेल्या, सरळ पर्स त्यांनी माझ्यासमोरच पुन्हा काचेच्या कपाटात लावल्या, विकायला. त्यांच्यावरही कपात. ज्या वस्तूत दोष नाही, जी तुम्ही पूर्ण किमतीला विकणार आहात, तिच्या शिलाईतून पैसे कापायचे कोणत्या न्यायानं? मी हे विचारलं. उत्तर मिळालं की हिशेब लॉटवर होतो, नगावर नाही. मग मजुरी नगावर का? याचं उत्तर नाही मिळालं.

दर ठरवताना चेन म्हणजे काम नव्हतं, ते दुकानानं दिलेलं सामान होतं. दंड लावताना तीच चेन माझं काम झाली. कापड भिजवायला नको म्हणाले ते त्यांच्या खात्यात कुठेच आलं नाही. घरी येईपर्यंत मी मनात तेच ते बोलत होते आणि रात्री नवऱ्याला सांगताना रडले. तो म्हणाला, सोड, एवढ्या पैशांसाठी कशाला. तेव्हा मला कळलं की पैशांचा प्रश्न नव्हता असं मी जे म्हणत होते ते खरं नव्हतं. पैशांचाच होता. माझ्या कामाला किंमत आहे हे तिथे फक्त पैशातच सांगता येत होतं, आणि ते त्यांनी सांगितलं नाही.

मग घरून काम करणाऱ्या बायकांबद्दल मी वाचत गेले. अहमदाबादेत इला भट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही संघटना उभी केली. तिथे गिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायका होत्या, व्यापाऱ्यानं घरपोच दिलेल्या मालावर नगाप्रमाणे काम करणाऱ्या. त्यांनी दर वाढवून मागितला तेव्हा व्यापाऱ्यांनी काम बंद केलं, आणि मग त्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. पुढे १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरून काम करणाऱ्यांसाठी करार मंजूर केला, क्रमांक १७७. त्यामागे सेवासारख्या संघटनांची मोठी मेहनत होती. त्याच्याबरोबरच्या १८४ क्रमांकाच्या शिफारशीत म्हटलंय की कामाच्या अटी लेखी द्याव्यात, वीज-पाण्याचा आणि यंत्राच्या देखभालीचा खर्च भरून द्यावा, माल सोडण्या-बांधण्यात आणि अवजारं बदलण्यात जाणाऱ्या वेळाचाही मोबदला द्यावा. म्हणजे फूट बदलायला लागणारा माझा वेळसुद्धा कुणीतरी मोजला होता. भारतानं तो करार स्वीकारलेला नाही.

त्या दुकानात मी पुन्हा गेले नाही. पण एक गोष्ट माझ्या मनात सुटत नाही. गल्लीतल्या भाभीसा दप्तर घेऊन येतात, रनर ढिला झालाय म्हणून. मी पकडीनं रनर दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून देते, नाही झालं तर नवा चढवते, आणि पैसे घेत नाही. घ्यावेत असं वाटतही नाही. एकदा शेजारची कॉलेजमधली मुलगी म्हणाली, काकी, तुम्हीच फुकट करता, मग दुकानदार का देईल? मी तिला रागावले. शेजारधर्म आणि व्यापार एक नाही, असं म्हणाले. नंतर वाटलं, तिचं काही अंशी खरं असेल. घरोघरी आम्ही बायकांनी चेन, फॉल, बीडिंग इतकं फुकट करून दिलंय की ते काम आहे हेच दिसेनासं झालं. आणि तरीही उद्या भाभीसा आल्या तर मी पैसे घेणार नाही.

आता मी थोड्याच पर्स शिवते आणि ओळखीत विकते. कापड रात्रभर भिजवते, रंग सुटतो का बघते, अस्तरही भिजवते. बिलावर ओळी वेगळ्या लिहिते: कापड, अस्तर, चेन व रनर, शिलाई, चेन बसवण्याची मजुरी. काही जण शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारतात, मी समजावते. बहुतेक जण देतात.

घरून शिवणकाम करणाऱ्या बायकांना माझं एवढंच सांगणं आहे. दुकानाचं काम घ्या, पण चेनचा दर पोटलीच्या दरात मिसळू देऊ नका. कापड भिजवायचं की नाही हे कोणी ठरवलं, ते कागदावर लिहा. खराबी निघाली तर कपात नगावर होईल की लॉटवर, तेही लिहा. आणि पहिल्या कापडाला कात्री लावायच्या आधी त्या कागदावर मालकाची सही घ्या.