मागूरचा मेंदू

मेंदूचा सेक्शन काचेवर येतो तेव्हा त्यात मासा कुठेच उरलेला नसतो. केसापेक्षा पातळ काप आणि त्यात विखुरलेले तपकिरी ठिपके, एवढंच दिसतं. तो मासा कोणत्या महिन्यात आणला, उपाशी होता की खाल्लेला, नर की मादी, हे माहीत असेल तरच ठिपक्यांना अर्थ येतो. म्हणून प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की मी त्याला सेक्शन कापणाऱ्या मायक्रोटोमपाशी नेत नाही. आधी टाकीसमोर बसवतो.

आमच्या टाकीत मागूर असतो. हा मासा मधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तळाशी जातो. पावसाळ्यात ओल्या जमिनीवरून सरपटत एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातो. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर जाळी टाकणाऱ्या ढिवरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. मे-जूनमध्ये मादीच्या पोटात गाबोळी भरत जाते, जुलै-ऑगस्टात अंडी पडतात आणि थंडीत अंडाशय आक्रसून बसतो. एका माशात वर्षभरात इतकी उलथापालथ होते, तर त्याचा मेंदू बारा महिने सारखा कसा राहील?

नागपूर विद्यापीठात निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न धरला. कार्ट नावाचं एक पेप्टाइड आहे. १९९५ साली उंदरांना कोकेन आणि अँफेटामिन देऊन केलेल्या प्रयोगांतून ते पुढे आलं, म्हणून त्याच्या पूर्ण इंग्रजी नावातच नशा आहे. या गटाने ते मागूरच्या मेंदूत शोधलं. मादीच्या गंधसंस्थेत, अग्रमेंदूत आणि पिट्यूटरी ग्रंथीत त्याचं प्रमाण प्रजननाच्या टप्प्यांनुसार बदलतं, हे त्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलं. मला या कामाचं मोल मोठं वाटतं. उंदीर जगभर सगळीकडे मिळतो, पण पाऊस ओळखणारा मेंदू अभ्यासायचा तर आपल्या तळ्यांपाशीच यावं लागतं.

अडचण अशी की मादी सर्वांत महत्त्वाच्या टप्प्यात असते तेव्हाच नागपूर भट्टीसारखं तापलेलं असतं. मेमध्ये मेंदू बसवलेला पॅराफिनचा ठोकळा मऊ पडतो, पात्याखाली कापांची रिबन सुरकुतते, सलग सेक्शन मिळत नाहीत. ठोकळा बर्फावर ठेवायचा, पहाटे काम उरकायचं, पातं वरचेवर सरकवायचं. पुढे पेप्टाइडला चिकटणारी पहिली अँटिबॉडी, रात्रभर फ्रिज आणि दुसऱ्या दिवशी तिची जागा दाखवणारा तपकिरी रंग. रंग चढला की मुलं हरखतात. मी मात्र आधी ती स्लाइड मागतो जिच्यावर पहिली अँटिबॉडी घातलेलीच नसते. ती कोरी निघाली पाहिजे. तिच्यावरही ठिपके दिसले तर बाकीच्या सुंदर स्लाइड्स बाजूला ठेवायच्या. तिथे वशिला चालत नाही.

आणि नुसत्या निरीक्षणाला कमी लेखू नये. पुण्यात मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेड्या राघूंच्या घरट्यांजवळ माणूस उभा करून पाहिलं. माणसाला घरटं दिसत असेल तर पक्षी आत शिरायला बिचकतो. माणूस जवळ असूनही त्याला घरटं दिसत नसेल तर पक्षी निवांत जातो. म्हणजे समोरच्याला काय दिसतं, याचा हिशेब पक्षी ठेवतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मेंदूला कुणी हात लावलेला नाही, तरी मेंदूबद्दल केवढं कळलं.

माझी काळजी वेगळीच आहे. बाजारात हल्ली मागूर म्हणून जो विकला जातो, तो पुष्कळदा आफ्रिकेतला, ‘थाई मांगूर’ नावाने पाळलेला असतो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी तो येतोच. तो देशी मासे खाऊन टाकतो. देशी मागूर धोक्यात असलेल्या प्रजातींच्या जागतिक यादीत गेला आहे. विदर्भातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, महागड्या यंत्राची वाट पाहत बसू नका. वही घ्या, जवळच्या तलावावर जा आणि देशी मागूर तिथे अजून आहे का, ते आधी नोंदवा.