गळती

वाहनाची थोरवी माणसे त्याच्या चालण्यावरून मोजतात. इंजिनाची ताकद, चढ चढण्याची हिंमत, चिखलात रुतलेले चाक बाहेर काढण्याची चिवटाई यांचे कौतुक सर्वत्र होते. थांबण्याचे कौतुक कोणी करीत नाही. थांबणे गृहीत धरलेले असते. जे गृहीत धरले जाते त्याच्याकडे पाहिले जात नाही, आणि जे पाहिले जात नाही ते हळूहळू झिजत जाते. घरातल्या अबोल माणसांना हे जसे लागू आहे तसेच जुन्या जीपच्या पोटाखालून जाणाऱ्या ब्रेकच्या नळीलाही.

जीप मराठी मुलखाला परकी नाही. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत जन्मलेली ही गाडी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत माझगावला जोडली जाऊ लागली आणि पुढे महिंद्र कंपनीच्या कारखान्यांतून देशभर पसरली. तालुक्याच्या गावी जीप आली म्हणजे सरकार आले, अशी समजूत कित्येक वर्षे होती. उंच बॉनेटची सीजे-३बी ही तिची आवृत्ती अमेरिकेत १९५३ साली निघाली आणि १९६८ साली थांबली. भारतात मात्र ती त्यानंतरही बनत राहिली. लिलावांतून, हस्तांतरांतून अशा गाड्या कुठे कुठे गेल्या. त्यांतलीच एक चेन्नईच्या वेळच्चेरी भागात एका मराठी गृहस्थाच्या दारी येऊन थांबली. नोकरीसाठी या शहरात आलेला आणि इथेच रुळलेला हा माणूस सुट्टीच्या दिवशी जीप पुसत बसे. तिचे इंजिन त्याला आवाजावरून कळे. ब्रेककडे मात्र त्याचे लक्ष गेले ते पेडल जरा खोल जाऊ लागले तेव्हा.

प्रथम ते इतके थोडे होते की पायाला शंका यावी आणि मनाने ती झटकून टाकावी. सिग्नलपाशी एकदा दाबून भागेना. दुसऱ्यांदा दाबले की पेडल घट्ट लागे. त्याने पायाखालची पट्टी उचलून मास्टर सिलिंडरचे झाकण उघडले, पातळी खाली गेली होती म्हणून ब्रेक ऑइल ओतले, आणि काम झाले असे मानले. दोन आठवड्यांनी पुन्हा ओतावे लागले. उभ्या गाडीखालची फरशी तर कोरडी ठणठणीत. बंद नळ्यांतला द्रव कुठेतरी जातो आणि जमिनीवर थेंबही दिसत नाही, याचा अर्थ त्याला लागेना.

हा अर्थ समजण्यासाठी ब्रेक कसा चालतो ते पाहावे लागते. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे सतराव्या शतकात पास्कालने सांगितले. १९२१ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांवर हे तत्त्व प्रत्यक्ष कामाला लागले. पाय पेडल दाबतो, मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या द्रवाला पुढे रेटतो, आणि पेन्सिलीहून बारीक, पाऊण इंचाच्या चौथ्या हिश्शाएवढ्या, पोलादी नळ्यांतून तो दाब चाकांपर्यंत जातो. द्रव जवळजवळ दबत नाही, म्हणूनच पायाचा निरोप चाकाला तत्काळ मिळतो. बाजारात या द्रवाला ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हे. ते ग्लायकॉल वर्गातले रसायन आहे. नावाला फसून कोणी त्यात इंजिन ऑइल ओतले तर आतले रबरी कप फुगतात आणि सगळी यंत्रणा निकामी होते. या रसायनाचा आणखी एक स्वभाव असा, की ते हवेतील ओल शोषून घेते. ताजे डॉट-३ ब्रेक ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. लांब घाट उतरताना ब्रेक तापले आणि द्रवाची वाफ झाली, तर वाफ मात्र दबते. मग पेडल तळाला जाते आणि चाकाला निरोप पोहोचत नाही.

जुन्या जीपमध्ये याहून कठीण गोष्ट अशी, की चारही चाकांचा दाब एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच वाटेने जातो. पुढची आणि मागची वाट वेगळी ठेवण्याची पद्धत अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस सक्तीची झाली. त्याआधीच्या आराखड्यावर बनलेल्या गाडीत एका चाकाची नळी फुटली तर चारही चाके हातची जातात. उरतो तो हँडब्रेक. तो प्रोपेलर शाफ्टला धरतो, पण त्याचे खरे काम उभी गाडी उभी ठेवण्याचे.

पोंगलच्या सुट्टीत कुटुंबासह कोल्ली मलैला जायचे ठरले होते. नामक्कल जिल्ह्यातल्या त्या डोंगराच्या रस्त्याला सत्तर तीव्र वळणे आहेत. निघण्याला पाच दिवस उरले असताना त्याने गाडी हळूहळू चालवत पुदुपेटला नेली.

कूवम नदीच्या काठचे पुदुपेट म्हणजे मोडलेल्या गाड्यांचे स्मशान आणि चालत्या गाड्यांचे सूतिकागृह. दारे, गिअरबॉक्स, दिवे यांच्या राशी दुकानांबाहेर रचलेल्या असतात, आणि कोणता भाग कोणत्या गाडीला चपखल बसेल हे सांगणारी माणसे त्या राशींमध्ये वावरत असतात. तिथल्या एका वयस्क मेकॅनिकला गृहस्थ ‘अण्णा’ म्हणे. थोरल्या भावाला तमिळ माणूस हेच म्हणतो, आणि मराठीतही हा शब्द घरचाच.

अण्णांनी आधी काहीच उघडले नाही. सर्व चाकांच्या आतल्या बाजू, मास्टर सिलिंडरची पाठ, रबरी होज आणि जोड कोरड्या फडक्याने पुसून घेतले. मदतनीस पोराला पेडल जोराने दाबून धरायला सांगितले आणि हातात दिवा घेऊन ते गाडीखाली सरकले. पेडल बसते पण पातळी कायम राहते, तेव्हा दोष मास्टर सिलिंडरच्या आतल्या कपात असतो. इथे पातळीच उतरत होती, म्हणजे द्रव बाहेर जात होता. टायरची आतली बाजू ओली असती तर चाकाच्या सिलिंडरवर संशय जाता. चारही कोरड्या होत्या. मग मागच्या अ‍ॅक्सलवरून जाणाऱ्या नळीपाशी, तिला धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या क्लिपखाली, एक ओला डाग हळूहळू मोठा होताना दिसला. बोटावर घेतला तर पातळ, गव्हाळ रंगाचा. इंजिन ऑइलचा काळेपणा नाही, गिअर ऑइलचा दाटपणा नाही. भोवतीचा रंगही सुटून आलेला. गळती केवळ दाबाखाली होत होती, आणि जे गळे ते क्लिपमध्ये साचलेला चिखल पिऊन टाकी. फरशी कोरडी का, याचे उत्तर त्या मूठभर चिखलात होते.

चिखलाला इतिहास होता. २०१५ च्या डिसेंबरमधील महापुरात आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरमध्ये मिचाँग वादळाच्या पावसात वेळच्चेरी पाण्याखाली गेली. दोन्ही वेळा जीप पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर इंजिन उघडले गेले, आसने वाळवली गेली. क्लिपखाली कोणी पाहिले नाही. समुद्राजवळच्या शहरात हवेतही मीठ असते. बाहेरून गंजत नळी आतपर्यंत पोखरली गेली.

गृहस्थाला घाई होती. तेवढाच तुकडा कापून मध्ये जोड घालता येईल का, असे त्याने विचारले. शेजारच्या दुकानदाराने तांब्याची नळी सुचवली: हाताने वाकते, गंजत नाही, तासात काम होते. मागची वाट ठोकून बंद करायची आणि पुढच्या दोन चाकांवर वेळ मारून न्यायची, हा तिसरा उपायही कोणी बोलून दाखवला. अण्णांनी सर्वांना एकच उत्तर दिले: “वेण्डाम्, सार.” नको. तांबे हादऱ्यांनी कडक होत जाते आणि एके दिवशी तडकते. जोडाचा तुकडा टिकलाच, तरी त्याच्या अलीकडची आणि पलीकडची नळी त्याच पाण्यात भिजलेली आहे. जी आज गळते ती केवळ पहिली नळी. त्यांनी फडक्याने दुसरी क्लिप पुसून दाखवली. तिच्याखालीही तसेच खड्डे पडू लागले होते. गृहस्थ बराच वेळ त्या खड्ड्यांकडे पाहत राहिला. मग त्याने घरी फोन करून बेत पुढे ढकलला.

नळ्या जनरल पॅटर्स रोडवरून आणल्या गेल्या. १९६२ साली याच शहरातल्या पाडी भागात ब्रेक्स इंडियाची स्थापना झाली. ब्रेकचे सुटे भाग बनवण्यात जो गाव मुरलेला आहे, तिथे पोलादी नळी मिळायला अडचण नव्हती. जुने नट गंजून नळीलाच चिकटले होते. ते फिरवले की नळीही पिळली जाई. अण्णांनी जुनी नळी अखंड काढून तिच्या वळणांवरून नवी वाकवली, कापलेल्या कडेची कूस घासली, आणि तोंड फुलवण्याआधी न विसरता नट नळीत ओवला. मग तोंड दुहेरी दुमडून कर्ण्यासारखे फुलवले. एकेरी दुमडीला या दाबाखाली चीर जाते. पेट्रोल किंवा रॉकेल त्यांनी नळीच्या जवळपासही येऊ दिले नाही.

शेवटचे काम हवा काढण्याचे. सर्वांत दूरच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात झाली. पोर पेडलवर, अण्णा निपलपाशी. “अमुक्कु.” दाब. “पिडी.” धरून ठेव. निपल जरासे सैल होई, बाटलीतल्या द्रवात बुडवलेल्या रबरी नळीतून बुडबुडे येत, निपल घट्ट होई. “विडु.” सोड. आधी चहासारखा काळपट द्रव आला, मग गढूळ, मग स्वच्छ. मधूनमधून गृहस्थ मास्टर सिलिंडरमध्ये ताजा द्रव ओतत होता. तो तळाला गेला असता तर पुन्हा हवा शिरली असती. चार चाकांना दोन तास लागले. मग पेडल पूर्ण जोराने दाबून धरले गेले आणि प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवला गेला. कागद कोरडाच राहिला.

दुरुस्त झालेला ब्रेक डोळ्यांना काही दाखवत नाही. नव्या रंगाची चमक त्याला नाही, इंजिनासारखा सुधारलेला आवाज नाही. फक्त पायाला कळते, की पेडल एका ठरावीक जागी येते आणि तिथे कुणीतरी समोरून हात धरावा तसे थांबते. गृहस्थाने जुन्या नळीचा गंजका तुकडा फेकून दिला नाही. तो हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या शेजारी पडून आहे. महिन्याभराने त्याने पायाखालची पट्टी उचलून झाकण उघडले. पातळी भरली होती तिथेच होती.