अर्थिंग

आमच्या घरी एक जुनी पेट्रोल गाडी आहे. अब्बांनी निवृत्तीनंतर ती जुनीच विकत घेतली होती. अब्बा गेले, गाडी राहिली. मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेत मोटारसायकलवर जातो. गाडी बाहेर निघते ती लग्नाला, नाहीतर दवाखान्याला.

मागच्या पावसाळ्यात ती दवाखान्यासाठी निघाली. मगरीब होऊन गेली होती. अम्मीच्या छातीत दुखू लागलं आणि डॉक्टरांनी नांदेडला न्यायला सांगितलं. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर दिसला, म्हणून मी पंपावर थांबलो नाही. कळमनुरी मागे पडली, आखाडा बाळापूर मागे पडलं. वारंगा फाट्याच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. काटा अजून अर्ध्यावरच. शेजारचा गरमीचा काटा मात्र लाल खुणेला टेकलेला. इंजिन तापलं असं समजून मी बोनेट उघडलं आणि ते थंड व्हायची वाट पाहत उभा राहिलो. वीस मिनिटं गेली. अम्मी मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. शेवटी एक टेम्पोवाला थांबला. त्याने गाडी हलवून टाकीला कान लावला आणि म्हणाला, "भाऊ, टाकी कोरडी हाय." फाट्यावरून त्यानेच बाटलीत पेट्रोल आणून दिलं.

अल्लाहचा करम, अम्मी आज बरी आहे. पण ती वीस मिनिटं मी विसरलेलो नाही. मीटरवर विश्वास ठेवून मी चुकीच्या ठिकाणी इलाज करत उभा होतो.

गावात दाखवलं तेव्हा एकाने सांगितलं, पूर्ण मीटर बदला. खर्च ऐकून मी घरी आलो. मग अब्बांच्या ओळखीचे एक म्हातारे वायरिंगवाले चाचा आठवले. चाचांनी गाडीला हात लावण्याआधी दोनच प्रश्न विचारले. दोन्ही काटे एकदम चुकतात का? आणि दिवसा जास्त चुकतात की रात्री? मी म्हणालो, "रात्री, लाइट लावल्यावर. आणि इंडिकेटर दिला की त्याच्या तालावर काटेही हलतात."

चाचा हसले. "मास्टर, मीटर अच्छा है. इसका अर्थ गया."

गाडीत बॅटरीपासून करंट तारेने येतो, पण परत जाताना बहुधा गाडीच्या लोखंडी बॉडीतून जातो. बॅटरीची ऋण बाजू बॉडीला जोडलेली असते. आमच्या मीटरमधले सगळे दिवे आणि काटे एकाच काळ्या तारेने बॉडीला जोडलेले होते. त्या जोडाला गंज चढला की परतीची वाट अरुंद होते. दिवे लावले की तिथे गर्दी वाढते. काट्यांना ठरावीक दाब पुरवणारा एक छोटा नियंत्रक आमच्या मीटरमध्ये आहे. त्यालाही तोच अर्थ लागतो. अर्थ कच्चा झाला की तो काट्यांना जास्त दाब देतो. मग रिकामी टाकी अर्धी दिसते आणि थंड इंजिन तापलेलं दिसतं.

चाचा म्हणाले, "एक काटा चुकला तर त्याची तार बघायची. दोन्ही एकदम चुकले तर दोघांचं जे सामाईक आहे ते बघायचं."

आम्ही लाइट लावले. शाळेचा मल्टिमीटर मी आणला होताच. एक टोक मीटरच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावलं. जिथे व्होल्टचा दहावा भागही दिसायला नको, तिथे दीड व्होल्टच्या वर दाखवलं. चाचांनी त्याच दोन ठिकाणी एक जादा तार लावली. दोन्ही काटे हळूहळू, लाजल्यासारखे खाली उतरले. मग बॅटरीचं ऋण टोक सोडून डॅशबोर्डखालचा बोल्ट काढला. काचेच्या रबरातून पाणी झिरपून तारेचं टोक हिरवं पडलं होतं. पॉलिश पेपरने टोक आणि बॉडी चकचकीत होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळला, वर ग्रीस लावलं. मीटर तेच राहिलं. मजुरी दोनशे रुपये.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण आठवीच्या घटक चाचणीचे पेपर टेबलावर पडले होते. अडतीस मुलांपैकी सत्तावीस जणांनी विद्युत परिपथाचा एकच प्रश्न चुकवला होता. मी वर्गात रागावलो होतो आणि सत्तावीस नावांपुढे "कमज़ोर" असं लिहून ठेवलं होतं. बी.एड.ला नैदानिक चाचणी मी पाठ केली होती, पण चाचांचे ते दोन प्रश्न मला सुचले नव्हते. सत्तावीस काटे एकदम चुकले, तर त्यांचं सामाईक काय? सामाईक मीच होतो.

दुसऱ्या दिवशी तारेचं तसंच एक गंजकं टोक, एक सेल आणि छोटा बल्ब घेऊन वर्गात गेलो. पाठ्यपुस्तकात बर्क़ी रौ आहे, मुज़ाहमत आहे. शब्द चांगले आहेत, ते मुलांना आलेच पाहिजेत. पण आमची मुलं घरी दखनी बोलतात आणि त्यांच्या घरात करंट असतो. मी आजवर पुस्तकातले शब्द त्यांच्या कानांपर्यंत पोहोचवले, घरापर्यंत जोडून दिले नव्हते. मी विचारलं, "करंट वापस किधर से जाता?" गंजक्या टोकातून बल्ब मिणमिणला, घासल्यावर उजळला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ये ज़ंगिच मुज़ाहमत है क्या?"

मी "हो" म्हणालो आणि थोडा वेळ फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो.

पुन्हा चाचणी घेतली तेव्हा नऊ जण चुकले. त्या नऊ जणांची तार आता एकेक करून बघतो आहे. एकाला फळा दिसत नव्हता. एक पहाटे बाजारात हमाली करून येतो. बाकी सात अजून बघायचे आहेत. "कमज़ोर" हा शब्द मात्र मी सगळ्या सत्तावीस नावांसमोरून खोडला आहे.