एकाच ताटातला पिझ्झा

पुण्याच्या कॅम्पात एका गल्लीत इटालियन पिझ्झाचं छोटंसं हॉटेल आहे. सात-आठ टेबलं, कोपऱ्यात लाकडावर चालणारी भट्टी आणि दारावर 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी. पगार झाला की त्यानंतरच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी आणि माझी एक सहकारी तिथे जातो. ती मराठी शिकवते, मी उर्दू आणि मराठी दोन्ही. पंधरा वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसतो आहोत.

मुसलमान बाई आणि शुद्ध शाकाहारी हॉटेल, याचं काहींना हसू येतं. पण बाहेर खाताना आम्हाला तेच सोपं पडतं. मांस हलाल आहे का, सगळ्याला एकच सुरी वापरता का, हे विचारत बसावं लागत नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा एक प्रश्न मात्र उरला होता, चीजचा. चीजसाठी दूध घट्ट करायला रेनेट लागतं. पूर्वापार ते वासराच्या पोटातून काढतात. इटलीतलं पार्मेजान आजही त्यावरच बनतं. अशा चीजबद्दल आमच्या उलेमांत मतभेद आहेत, मी आपली सावध राहते. मी विचारणार, तेवढ्यात तिनेच विचारलं, "दादा, चीजमध्ये रेनेट कुठलं असतं हो?" तिची काळजी शाकाहाराची, माझी हलालची. मुलाने आतून पाकीट आणून हिरवा ठिपका दाखवला. आम्ही दोघी एकदमच त्या पाकिटावर वाकलो आणि एकदमच हसलो.

आम्ही नेहमी मार्गारिटाच मागवतो. टोमॅटो, मोझरेला, तुळशीच्या जातीचं बेसिल, बस्स. पिझ्झा मूळचा नेपल्समधल्या गरिबांचा, रस्त्यावर उभ्याने खायचा. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने 2017 साली वारसा म्हणून मान दिला. नेपल्समध्ये म्हणे प्रत्येकजण आपला वेगळा पिझ्झा घेतो. आम्ही मात्र एक मागवतो आणि एकाच ताटातून खातो. दस्तरख्वानावर एका थाळीत जेवायची मला लहानपणापासून सवय. तिला ती नव्हती, इथे लागली.

म्हणूनच ईदची गोष्ट मनाला लागायची. दरवर्षी ईदनंतर मी शाळेत शीरखुर्म्याचा डबा नेते. दूध, शेवया, खारीक, चारोळी, साजूक तूप. त्यात मांसाहारी काहीच नाही. ती म्हणायची, "अगं, आज चतुर्थी ना." तिचं पंचांगही चंद्रावरच चालतं. ईदचा चंद्र दिसला की दोन-तीन दिवसांत विनायकी चतुर्थी येते, त्यामुळे पहिल्या वर्षी ते खरंच होतं. पुढच्या वर्षी मी कॅलेंडर पाहिलं, तर पंचमी होती. मी काही बोलले नाही. डबा मात्र नेत राहिले.

माझी लेक कधीकधी आमच्याबरोबर येते. एकदा घरी परतताना तिने विचारलं, "अम्मी, काकू आपल्याकडे का येत नाहीत? आपण इथेच का भेटतो?" वर्गात चाळीस मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी मी, तेव्हा गप्प राहिले.

मागच्या महिन्यात धीर करून म्हटलं, "यंदा ईदला घरी ये ना." ती थोडा वेळ ताटातली करपलेली कड मोडत राहिली. मग हळूच म्हणाली, "सासूबाई आहेत तोवर अवघड आहे गं. तुला दरवेळी उपवास सांगायचे, त्याची मलाच लाज वाटायची."

वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खोटी चतुर्थी ऐकताना जितकं वाटायचं, तितकं नाही. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा खरं बोलली होती. आणि मीही कबूल करायला हवं, मी तरी तिच्या घरी कधी गेले? तिने बोलावलं नाही, मी विचारलं नाही.

त्या रात्री लेकीला उत्तर दिलं, "तिचं घर आणि आपलं घर यांच्या मधोमध ते हॉटेल आहे. आम्ही दोघी सध्या तिथवर पोहोचलोय."

"मग पुढे कधी?" तिने विचारलं.

यंदाही डबा नेणार आहे. चतुर्थी असली तर ती खरी असेल, एवढं आता मला माहीत आहे.