धुऱ्यावरचा उजेड

आमच्या झरी जामणीच्या पट्ट्यात कृषिपंपाची वीज पाळीपाळीने रात्रीही येते. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर भर थंडीत, मध्यरात्री वावरात उतरावं लागतं. धुऱ्यावर साप, तुरीत रानडुकरं; त्यात टिपेश्वर अभयारण्याकडून वाघ फिरकल्याची बातमी आली की पाय उचलत नाही. हातातल्या बॅटरीचा उजेड किती लांब जातो, हा इथे जिवाचा प्रश्न आहे.

बाबांची बॅटरी पितळी होती, तीन सेलची. तळाच्या झाकणात जादा बल्ब ठेवायची सोय. सेल मंदावले की आई ते उन्हात ठेवायची, मग आणखी थोडे चालत. स्विचची पट्टी गंजली की बाबा ती काचकागदाने घासत. उजेड पिवळा, आणि तोही रात्रभर पुरवायचा. म्हणून क्षणभर लावायची, विझवायची आणि पुढचं अंतर आठवणीवर चालायचं. 2003मध्ये नोकिया 1100 निघाला. त्याच्या माथ्यावरचा इवलासा दिवा गावात कित्येकांनी आधी पेटवून पाहिला, बोलणं नंतर. आता कपाळावर बांधायची बॅटरी आहे. दारं धरताना दोन्ही हात फावड्यावर राहतात.

जुन्याच वस्तूत थोडीथोडी सुधारणा करणं हे काही खरं संशोधन नव्हे, असं शिकलेली माणसं म्हणतात तेव्हा मला राहवत नाही. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी 1993मध्ये तेजस्वी निळा एलईडी साधला. 1996मध्ये त्यावर पिवळा फॉस्फर चढवून पांढरा उजेड मिळाला. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरांना 2014चं नोबेल मिळालं. पण तो पहिला पांढरा दिवा वॅटमागे जेमतेम 5 ल्यूमेन देत होता, घरातल्या तारेच्या बल्बहून कमी. आज हा आकडा 150च्या पुढे आहे. मधल्या काळात कुणी स्फटिकातले दोष कमी केले, कुणी उष्णता बाहेर काढायची वाट सुधारली, कुणी फॉस्फर बदलला. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. निळा दिवा पैनगंगेकाठच्या वावरापर्यंत आणला तो त्यांनी. मी त्यांनाही संशोधकच म्हणतो, पूर्ण मानाने.

दरवर्षी नव्या फोनला आणखी एक कॅमेरा लागतो, त्याला मात्र मी हा मान देणार नाही. त्याने कुणाची रात्र सोपी झालेली मी पाहिली नाही.

आणि एका बाबतीत आपण मागे गेलो आहोत. आजच्या कित्येक स्वस्त बॅटऱ्या चिकटवून बंद केलेल्या असतात. आतला लिथियम सेल काही वर्षांत थकतो. एलईडी धडधाकट असूनही सगळी वस्तू फेकावी लागते. फेब्रुवारी 2027पासून अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे, असा नियम युरोपीय संघाने 2023मध्ये केला. तो आपल्याकडेही व्हावा. मुकुटबनच्या बाजारातून सेल आणून घरीच बदलता आला, तर माझ्या हिशेबी ती या वस्तूतली पुढची मोठी सुधारणा ठरेल.