परतीची वाट

आमचं गाव जांब समर्थ. तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे रामदास स्वामींचं?" हो, तेच. १६०८ साली रामनवमीला समर्थांचा जन्म इथं झाला. आजही रामनवमीला गाव माणसांनी फुलून जातं आणि माझ्यासारखे पोटापाण्यासाठी बाहेर पडलेले लोक त्या निमित्ताने घरी येतात. पण आज मी समर्थांवर लिहिणार नाहीये. ट्रॅक्टरला पुढून लोडर बसवताना होस आणि व्हॉल्व्ह कसे जोडतात, त्यावर लिहिणार आहे. हसू नका! मला स्वतःला या विषयात इतकं काही सापडेल असं वाटलं नव्हतं.

उन्हाळ्यात आमच्याकडे मोठं काम असतं ते गाळाचं. तलाव आटले की तळाचा गाळ काढायचा आणि हलक्या रानात नेऊन टाकायचा. २०१७ साली राज्य सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली तेव्हापासून या कामाला चांगलाच जोर आला. शिवाय शेणखत आहे, उसासाठी कारखान्याची मळी आहे. पूर्वी हे सगळं घमेल्यांनी ट्रॉलीत भरायचे. माझ्या चुलतीच्या डोक्यावर मधोमध केस विरळ झालेत, ते या घमेल्यांमुळे. त्यामुळे चुलतभावाने जुना लोडर विकत आणला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला होता.

लोडर आला, पण नुसताच. पुस्तक नाही, खुणा नाहीत. दोन लिव्हरचा एक व्हॉल्व्ह, चार जॅक आणि सात होस. (सिलेंडरला आमच्याकडे सगळे जॅकच म्हणतात.) दोन जॅक लोडरचे हात वर-खाली करणारे, दोन बकेट उलटी-सुलटी करणारे. सातही होस एकसारख्या काळ्या, एकसारख्या जाडीच्या. कुठली कुठं जाते हे आधीच्या मालकाच्या डोक्यात होतं, आणि ते डोकं काही लोडरसोबत विकत मिळत नाही.

तालुक्याच्या गावाहून मिस्त्री आले. साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. त्यांनी पाना हातात घेण्याआधी खडू घेतला आणि ट्रॉलीच्या फाळक्यावर एक चौकोन काढला. म्हणाले, "भाऊ, तेल येतं कुठून ते कुनीबी सांगल. जातं कुठं ते सांगा."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

तेल येतं ट्रॅक्टरच्या पंपातून. इथं एक गंमत मला नव्याने कळली. पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. वाट मोकळी असेल तर तेल निवांत फिरत राहतं. वाटेत ओझं आलं की दाब चढतो. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा धरल्यावर होतं ना, तसंच. आणि तो दाब किती? आपल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते. हायड्रॉलिकमध्ये साधारण दीडशे ते दोनशे बार! पाच सेंटिमीटर व्यासाचा दट्ट्या धरला तर दीडशे बारला एकटा एक जॅक जवळपास तीन टन रेटतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे पास्कलने लिहून ठेवलं ते १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. पास्कलचा जन्म १६२३ चा. म्हणजे समर्थांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, त्यांचा समकालीनच. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नसणार. पण एकाच्या गावात दुसऱ्याचा नियम ट्रॉल्या भरतोय, याची मला फार मौज वाटली.

आता परतीचं. व्हॉल्व्हला तीन मुख्य तोंडं होती. एकातून पंपाचं तेल आत येतं. दुसऱ्यातून वापरून झालेलं तेल टाकीत परत जातं. आणि तिसरं तोंड असं की, लोडरला काम नसेल तेव्हा तेच तेल पुढे ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टला मिळावं, म्हणजे नांगर, रोटावेटर उचलता यावेत. या तिसऱ्या वाटेसाठी व्हॉल्व्हच्या आत एक छोटी बुश बसवावी लागते. ती नसेल, आणि कुणी टाकीच्या तोंडातूनच मागच्या लिफ्टला होस जोडली, तर वरवर सगळं चालतं. बकेट उचलते, ट्रॉली भरते, माणूस खूश. पण मागं नांगर उचलायला गेलं की लिफ्टचा सगळा दाब उलटा व्हॉल्व्हच्या परतीच्या बाजूला येतो. ती बाजू एवढ्या दाबासाठी बनवलेलीच नसते. मग सील फुटतं, नाहीतर अख्खा व्हॉल्व्हच तडकतो.

मिस्त्रींनी ते फार सोप्या भाषेत सांगितलं. "कालव्याला सांडवा असतो का नाही? तो बुजवून बघा."

जायकवाडीचा डावा कालवा आमच्या तालुक्यात माहीत नाही असा माणूस नाही. जास्तीचं पाणी बाहेर काढायला जागा ठेवलेली नसेल तर कालवा कुठंतरी फुटणारच, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. व्हॉल्व्हमध्येही असा सांडवा असतो. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो उघडतो आणि तेल टाकीकडे सोडतो. पण टाकीचीच वाट बंद असेल तर सांडवा उघडून तरी काय उपयोग? आणि हो, त्याचा स्क्रू आवळला की बकेट जास्त वजन उचलते, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने ताकद वाढत नाही, फक्त फुटण्याची वेळ जवळ येते, हे मात्र कुणी सांगत नाही.

उरलेल्या चार होस जॅकच्या. प्रत्येक लिव्हरला दोन. लोडरच्या दोन्ही हातांचे जॅक एकाच लिव्हरवर असल्यामुळे होस पुढे दुभंगून दोन्हीकडे जाते. इथं डाव्याच्या खालच्या तोंडाबरोबर उजव्याचंही खालचंच तोंड जोडलेलं असलं पाहिजे. एक जरी उलटं झालं तर एक जॅक वर रेटतो, दुसरा खाली ओढतो आणि मधे बिचारा लोडर पिळवटतो.

सगळं जोडून झाल्यावर मिस्त्रींनी गाडी अगदी कमी रेसवर ठेवून रिकाम्या बकेटने चाचणी घेतली. हात वर-खाली झाले, पण उलटे. लिव्हर मागं ओढली की खाली, पुढं ढकलली की वर.

चुलतभाऊ म्हणाला, "राहू द्या मिस्त्री, होईल सवय."

"तुमाला होईल. दुसऱ्याच्या हाताला?"

आणि त्यांनी पुन्हा सगळं थांबवलं.

मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी परत तेल सांडायचं? पण नंतर विचार केला तेव्हा पटलं. हा ट्रॅक्टर भाऊ चालवणार, त्याचा मुलगा चालवणार, हंगामात रोजंदारीवरचा एखादा ड्रायव्हरही चालवणार. लिव्हर ओढली की वर, ढकलली की खाली, ही सवय त्याच्या हातात आधीपासून असते. एरवी तो लक्ष ठेवून चालवेलही. पण बकेटखाली एखादं पोर धावत आलं तर त्या क्षणी डोकं विचार करत नाही, हात आपली जुनी सवय चालवतो. दोन होसची अदलाबदल एवढीशी वाटते, पण तिच्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.

होस सोडताना मिस्त्रींचा क्रम ठरलेला होता. बकेट जमिनीवर टेकवायची. इंजिन बंद. मग दोन्ही लिव्हर पुढं-मागं चारपाच वेळा हलवायच्या. इंजिन बंद झालं म्हणून होसमधला दाब गेला असं नसतं, तो आत तसाच दबा धरून बसतो. नंतर तोंडं पुसून घ्यायची आणि उघडी तोंडं लगेच बंद करायची. आमच्या काळ्या मातीची धूळ व्हॉल्व्हमध्ये गेली की आतल्या दांड्यावर ओरखडे पडतात. मग उचललेली बकेट आपोआप हळूहळू खाली येऊ लागते. म्हणूनच वर उचललेल्या बकेटखाली, आधार दिल्याशिवाय, कुणीही जायचं नाही. होस बसवताना तिला पीळ पडू द्यायचा नाही. तिच्या अंगावर लांबीभर छापलेली ओळ असते, ती सरळ दिसली म्हणजे पीळ नाही. आणि ताणून बसवायची नाही, कारण दाबाखाली होस थोडी आखडते.

दुसऱ्यांदा गाडी चालू झाली. आता सगळं सुलट होतं. चारही जॅक पूर्ण वर, पूर्ण खाली असं पाचसहा वेळा करून हवा काढली. जॅकमध्ये तेल भरल्यामुळे टाकीतली पातळी उतरली होती, तेवढं तेल वरून घातलं. एका होसवर ओल दिसली. भावाने सहज बोट पुढं केलं, कुठून गळतंय ते चाचपायला. मिस्त्रींनी त्याचं मनगट एवढ्या जोरात धरलं की तो दचकला.

दिवसभरात ते एकदाच मोठ्याने बोलले. "बोट न्हाई लावायचं!"

हे मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवा. होसला सुईएवढं भोक पडलं असेल तर त्यातून निघणारी तेलाची धार डोळ्याला दिसतही नाही, पण ती कातडी भेदून बोटात शिरते. वरून फक्त काटा टोचल्याएवढी खूण दिसते, फारसं दुखतही नाही. माणूस हात पुसतो आणि कामाला लागतो. आत मात्र तेल पसरत जातं, बोट सुजतं, काळं पडतं. अशा वेळी काही तासांच्या आत शस्त्रक्रिया करून ते साफ करावं लागतं, उशीर झाला तर बोट, कधी हातही काढावा लागतो. खेड्यातून मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचण्यातच निम्मा वेळ जातो. त्यामुळे "बघू उद्या" असं म्हणायचं नाही. लगेच निघायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की दाबाखालचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय. गळती शोधायचीच असेल तर लांबून पुठ्ठा धरायचा, पुठ्ठ्यावर डाग पडतो.

त्या होसचं नट इंजिन बंद करून, दाब सोडून आवळलं आणि काम संपलं.

नंतर मला एकच गोष्ट खटकत राहिली. हे सगळं आता मिस्त्रींच्या डोक्यात आणि ट्रॉलीच्या फाळक्यावर खडूने लिहिलेलं. पहिल्या पावसात खडू जाणार. दासबोधात अक्षर कसं वळणदार काढावं, ओळी कशा सरळ ठेवाव्यात यावर एक अख्खा समास आहे. एवढा मोठा ग्रंथ, त्यात अक्षराच्या वळणाला जागा! लहानपणी मला त्याचं नवल वाटायचं. आता वाटतं, दुसऱ्याला वाचता यावं म्हणून जे करायचं ते लहान काम नसतंच.

म्हणून यात्रेहून आणलेले रंगाचे चार छोटे डबे घेऊन पुतण्या आणि मी बसलो. हातांच्या होसना लाल आणि पिवळा, बकेटच्या होसना निळा आणि पांढरा. जिथं जोडायची तिथं व्हॉल्व्हवरही तोच रंग. पंपाच्या, टाकीच्या आणि मागच्या लिफ्टच्या होसला पत्र्याचे बिल्ले बांधले आणि त्यावर खिळ्याने ठोकून लिहिलं: येते, परत जाते, पुढे जाते.

पुतण्याने विचारलं, "काका, परत जाते ते एवढं मोठं कशाला लिहिलं?"

त्याला म्हटलं, मिस्त्री पुन्हा आले की त्यांनाच विचार.